बाहुलीच्या घराला दुपाखी दार

बाहुलीच्या घरात सगळ्यांत आधी मोडतं ते दार. छप्पर टिकतं, भिंती टिकतात, जिना एका अंगानं निखळला तरी तग धरून उभा असतो. जुन्या घराला दार मात्र क्वचितच धड मिळतं. त्या सबंध घरात हलणारी वस्तू तीच, आणि मुलांचा हात हलणाऱ्या वस्तूकडेच आधी जातो. बाहुलीसाठी केलेलं दार उघडायला माणसाची बोटं येतात. मोकळ्या कडेला बसलेला साधा हिसका बिजागरीपाशी पोचेपर्यंत कितीतरी पटीनं वाढतो. तिथं त्याला तोंड द्यायला दोन-चार इवलाले स्क्रू असतात, आणि तेही बहुतेक वेळा प्लायवूडच्या कडेत घातलेले. प्लायवूड म्हणजे एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले पापुद्रे. सपाट अंगातून गेलेला स्क्रू हे पापुद्रे ओलांडतो आणि घट्ट बसतो. कडेतून गेलेला स्क्रू दोन पापुद्र्यांच्या मधे पाचर होऊन शिरतो आणि त्यांना फाकवतो. दार मोडलं असं आपण म्हणतो, पण नीट पाहिलं तर अनेकदा दार शाबूत असतं. त्याला धरून ठेवणारी जागा गेलेली असते.

माझ्याकडे आलेल्या घराचं दोन्ही गेलं होतं. बुलढाणा हे जिल्ह्याचं ठिकाण, म्हणून बदल्यांचंही गाव. दर उन्हाळ्यात कुणी साहेब, कुणी बँकेतलं कुटुंब इथून हलतं आणि निघताना जड, अवजड सामान विकून मोकळं होतं. अशाच एका कुटुंबाकडून मी हे दुमजली घर नातीसाठी घेतलं. खाली स्वयंपाकघर आणि बैठक, वर दोन खोल्या, मागची बाजू सगळी उघडी. त्यांची मुलगी मोठी झाल्यापासून ते गॅलरीत पडून होतं आणि पावसाची झड त्याच्यावर येत होती. भिंती प्लायवूडच्या होत्या, त्यांनी पाणी सोसलं. पुढचं दार एमडीएफचं होतं. लाकडाचा बारीक तंतू डिंकाबरोबर दाबून केलेली ही पाटी कोरड्या जागी फार सरळ राहते, रंगही छान घेते; पण एकदा पाणी प्यायली की फुगते आणि वाळल्यावर मूळ जाडीवर परत येत नाही. या दाराचा खालचा भाग फुगून मऊ पडला होता, आणि वरच्या बिजागरीनं चौकटीचा कपचाच ओढून बाहेर काढला होता.

शाळेत मी बरीच वर्षं कार्यानुभव शिकवला. हातात आलेली मोडकी वस्तू आधी दुरुस्त होते का ते पाहायचं आणि मगच नवी करायची, हे मी मुलांना सांगत आले. तुमच्या घराचं दार सुस्थितीत असेल आणि फक्त स्क्रूची भोकं सैल झाली असतील, तर नव्या दाराच्या वाटेला जाऊच नका. जळून गेलेल्या उदबत्तीची काडी घ्या. ती बांबूची असते, चिवट असते. फेविकॉलमध्ये बुडवून सैल भोकात ठोकून बसवा, एक रात्र जाऊ द्या, वर आलेलं टोक कापा आणि त्या काडीच्या मधोमध बारीक भोक पाडून तोच स्क्रू परत घाला. झटपट चिकटणारा पातळ गोंद मात्र बिजागरीजवळ वापरू नये. तो बिजागरीच्या नळीत झिरपतो आणि दार कायमचं जागच्या जागी थिजतं. शिवाय वाळल्यावर तो कडक होतो, आणि हिसक्याला कडक वस्तू आधी तुटते.

माझ्या घराला या उपायाचा उपयोग नव्हता. दार नवंच करायचं होतं. नवं दार करताना बहुतेक जण जुनं दार कागदावर ठेवून पेन्सिलीनं त्याची रेघ मारून घेतात. तसं करू नका. जुनं दार फुगलेलं असतं, घासलेलं असतं, कधीकधी आधीच्या कुणीतरी कमी-जास्त केलेलं असतं. माप घ्यायचं ते चौकटीचं. उंची दोन्ही बाजूंना वेगवेगळी मोजायची, रुंदी वर, मधे आणि खाली अशी तीनदा. मग एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपं माप, आणि दुसऱ्या जोडीचंही. दोन्ही तिरपी मापं सारखी आली तर चौकट काटकोनात आहे. जुन्या घरात ती सहसा सारखी येत नाहीत, कारण घर उचलताना लोक छपराला धरतात आणि सगळा सांगाडा किंचित कलतो. कललेल्या चौकटीत काटकोनी दार बसवलं की ते एका कोपऱ्यात घासतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात फट दाखवतं. म्हणून जाड कागदाचा फर्मा कापायचा, तो चौकटीत उभा करून कात्रीनं बसेल तसा करायचा आणि मग त्यावरून लाकूड आखायचं. सुतार मोठ्या दाराला हेच करतात.

मापाचा दुसरा भाग आहे तो प्रमाणाचा. जगभर चांगल्या बाहुलीघरांत बारास एक हे प्रमाण रूढ आहे: खऱ्या घरातला एक फूट म्हणजे इथला एक इंच. सात फुटी दार सात इंचांचं होतं आणि साडेपाच फुटी बाई साडेपाच इंचांची. आपल्याला फूट-इंच अंगवळणी असल्यामुळे हा हिशेब डोक्यात सहज होतो. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ या काळात जे प्रसिद्ध बाहुलीघर बांधलं गेलं, तेही याच प्रमाणाचं. त्याचा वास्तुविशारद होता एडविन लुट्येन्स. त्याच वर्षांत तो नवी दिल्लीही उभारत होता. एका टेबलावर राजधानीचे नकाशे आणि दुसऱ्या टेबलावर इंचभर रुंदीची कपाटं, हे चित्र मला फार आवडतं. त्या घरात नळाला पाणी येतं, दिवे लागतात, लिफ्ट चालते. विंडसरच्या राजवाड्यात ते आजही पाहायला मिळतं.

पण तुमच्या घरात राहणार कोण, यावर प्रमाण ठरतं. बाजारात सगळीकडे मिळणारी बार्बी साडेअकरा इंचांची असते, म्हणजे साधारण सहास एक प्रमाणाची. तिला बारास एकच्या दारातून आत जाता येत नाही. ती कमरेत वाकवूनही जात नाही. मुलं हे लगेच ओळखतात आणि त्या घराचा नाद सोडतात. मी नातीला आधी तिच्या बाहुल्या घराशेजारी उभ्या करायला लावल्या. चिंध्यांची एक, लाकडी ठकी एक आणि जत्रेतल्या दोन. सगळ्या सहा इंचांच्या आतल्या निघाल्या, तेव्हा काम पुढं सरकलं.

माझी चौकट साडेसहा इंच उंच आणि चार इंचांना किंचित कमी रुंद होती. जुन्या दाराला पांढरा रंग, मधे सहा चौकोन आणि एक गोल मूठ होती. परदेशी चित्रांच्या पुस्तकातलं दार ते. तसंच पुन्हा करावं की नाही, याचा मी बराच विचार केला. घर खरोखर जुनं, एखाद्या कारागिराच्या हातचं असतं, तर मी दुसरं काही मनात आणलंच नसतं. अशा वस्तूचं मूळ रूप आपल्या आवडीनं बदलू नये. हे घर मात्र कारखान्यातून आलेलं, त्याच साच्यातली आणखी कितीतरी घरं कुठंकुठं असतील. त्याला आपल्याकडचं दुपाखी दार द्यायचं मी ठरवलं. हौस हे त्याचं एक कारण आहे, पण मोठं कारण कामाचं आहे. चार इंच रुंद एकच फळी असली की तिचा सगळा भार आणि मुलाच्या हाताचा सगळा हिसका एकाच बाजूच्या दोन टेकूंवर पडतो. दोन झडपा केल्या की प्रत्येकीची रुंदी निम्मी होते, वजन निम्मं होतं, आणि त्या वजनाची तरफही निम्मी होते. शिवाय लाकूड दमट हवेत जे फुगतं, तेही दोन्ही बाजूंना वाटलं जातं.

लाकडाच्या फुगण्याबद्दल आमच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. आम्ही जिल्ह्याचे दोन भाग मानतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा घाटावर. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर आहे, पावसाळ्यात धुकं दारात येतं. घाटाखाली मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि हवा इतकी कोरडी होते की पाटाच्या फळ्यांमध्ये फटी पडतात. एकच लाकूड या दोन ठिकाणी दोन मापांचं असतं. मात्र ते लांबीत फारसं बदलत नाही, रेषांना आडवं म्हणजे रुंदीत बदलतं. दोन इंच रुंद झडपेत उन्हाळा ते पावसाळा अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडं होऊ शकतो. खऱ्या दारात अर्ध्या मिलिमीटरला कुणी विचारत नाही. बारास एकच्या घरात तेवढा फरक म्हणजे खऱ्या दाराचा सहा मिलिमीटर, जवळजवळ पाव इंच. तेवढ्यानं दार अडकतं. म्हणून लाकडाच्या रेषा झडपेत नेहमी उभ्या ठेवायच्या, आणि उन्हाळ्यात दार बसवत असाल तर दोन झडपांच्या मधे पावसाळ्यापुरती जागा सोडायची.

लाकूड मला चिखलीच्या एका मिस्त्रीकडे मिळालं. घाटावरच्या गावांतले जुने वाडे उतरवले जातात तेव्हा त्यातलं सागवान पुन्हा विकलं जातं; तुळया, खांब, कवाडं. मोठे तुकडे फर्निचरला जातात आणि वीतभर उरतात ते कोपऱ्यात पडून राहतात. मिस्त्रींनी अशाच एका कवाडाचा तुकडा माझ्यासमोर ठेवला. वरची फळी काळवंडलेली, पण रंधा फिरवल्यावर आतून मधासारखा रंग निघाला. "बाई, हे लाकूड आता हालत नाई," ते म्हणाले. "जेवढं हालायचं तेवढं हालून बसलं ते." शास्त्राच्या भाषेत लाकूड कधीच पूर्ण स्थिर होत नाही, पण अनेक उन्हाळे-पावसाळे काढलेलं सागवान नव्या ओलसर लाकडापेक्षा खूपच कमी वाकतं-पिळतं, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. त्यांनी तो तुकडा आधी सगळीकडून तपासला. जुन्या लाकडात मोडलेला खिळा दडलेला असतो आणि करवतीचा दात त्याच्यावर जातो. मग त्यांनी चार मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काढून दिल्या. ज्यांना सागवान मिळत नाही, त्यांनी फळांच्या खोक्याची पातळ पट्टी किंवा तीन मिलिमीटरचं प्लायवूड वापरलं तरी चालतं. प्लायवूडचे पापुद्रे आडवे-उभे असल्यानं ते रुंदीत फारसं बदलत नाही. फक्त त्याच्या कडेत स्क्रू घालायचे नाहीत, आणि माझ्या पद्धतीत ते घालावे लागतही नाहीत.

कारण मी बिजागरी लावलीच नाही. जुन्या वाड्यांची कवाडं पाहिली असतील तर त्यांना बिजागऱ्या दिसत नाहीत. फळीच्याच एका कडेला वर आणि खाली खुंटी ठेवलेली असते. खालची उंबरठ्याच्या खळग्यात बसते, वरची चौकटीच्या भोकात, आणि सगळं कवाड त्या दोन खुंट्यांवर फिरतं. इतकी जड कवाडं पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिली, कारण वजन सरळ खाली दगडात किंवा लाकडात जातं, स्क्रूला लोंबकळत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाड्यांचे असे दरवाजे जवळून पाहता येतात. लहान मुलांना घेऊन गेलात तर नक्षी दाखवून झाल्यावर त्यांना दाराची खालची कडही दाखवा. बाहुलीच्या घराला ही रीत फार मानवते. तिथं खुंटीच्या जागी पितळेची तार येते.

आता काम कसं केलं ते सांगते. प्रत्येक झडपेच्या बाहेरच्या कडेला, वर आणि खाली, एक मिलिमीटरचं भोक पाडायचं. ते कुठं पाडायचं यातच सगळं कौशल्य आहे. झडप चार मिलिमीटर जाड असेल तर भोक जाडीच्या बरोबर मध्यावर हवं, आणि कडेपासूनही दोनच मिलिमीटर आत. मग ती उभी कड कानशीनं आणि पॉलिश पेपरनं अर्धगोल घासायची. असं केलं की झडप फिरताना तिच्या कडेचा प्रत्येक भाग तारेपासून सारख्याच अंतरावर राहतो आणि चौकटीला लागत नाही. कड चौकोनी ठेवली तर तिचा कोपरा फिरताना पाऊण मिलिमीटरहून जास्त बाहेर येतो आणि चौकट खरवडतो. आपण विचारतो, बिजागरी चांगली असून दार का घासतं? बहुतेक वेळा उत्तर या कोपऱ्यात असतं. भोक पाडताना झडप दोन ठोकळ्यांमध्ये दाबून उभी धरावी आणि हातानं फिरवायचं बारीक ड्रिल वापरावं. विजेचं ड्रिल अशा नाजूक पट्टीला चिरतं.

तार झडपेत घट्ट बसावी आणि उंबरठ्यात सैल फिरावी. खाली दोन मिलिमीटर तार बाहेर ठेवून ती झडपेत फेविकॉलनं पक्की केली. उंबरठ्यात किंचित मोठी भोकं पाडली आणि त्यांत मेणबत्तीचं मेण चोळलं. टाचणीचं डोकं तोडूनही हे काम होतं, पण टाचणी पातळ असते आणि दोन पावसाळ्यांत गंजते. गंज फुगला की झडप फिरेनाशी होते. पितळेला ती भीती नाही.

वर मात्र वेगळी युक्ती लागते. खाली आणि वर दोन्हीकडे तारा पक्क्या असल्या तर तयार चौकटीत झडप शिरणारच कशी? म्हणून मी चौकटीची वरची पट्टी वेगळी केली. झडपा आधी उंबरठ्यात उभ्या केल्या. मग खालच्या अंगाला दोन तारा काढलेली ती पट्टी वरून आणली, तारा झडपांच्या वरच्या भोकांत सरकवल्या आणि पट्टी चौकटीला बसवली. तिच्यावर गणेशपट्टी आली की सांधा दिसत नाही. ही पट्टी मी चिकटवलेली नाही. दोन बारीक स्क्रूंनी धरली आहे, तेही प्लायवूडच्या सपाट अंगातून, आतल्या बाजूनं. पुन्हा कधी दार मोडलं तर कुणालाही दोन स्क्रू काढून झडप बाहेर घेता यावी. दुरुस्ती करणाऱ्यानं पुढच्या दुरुस्तीची वाट बंद करू नये, असं मला ठामपणे वाटतं. दुसऱ्या हातची वस्तू आपल्यापर्यंत येते तीच मुळी कुणीतरी ती उघडता येण्याजोगी ठेवली म्हणून.

दोन झडपांच्या मधे फट राहते, ती झाकायला एका झडपेवर बाहेरून उभी पट्टी लावतात. माझी दारं आत उघडणारी. त्यामुळे पट्टी नसलेली झडप आधी उघडते आणि पट्टीवाली मागून. बंद करताना नेमकं उलट. नातीला हे मी सांगितलं नाही. तिनं ते थोड्या वेळात स्वतः शोधून काढलं आणि मग घरी येणाऱ्या प्रत्येकाला शिकवलं. फटींचं माप म्हणाल तर झडप आणि चौकट यांच्यामध्ये पोस्टकार्ड सहज सरकेल एवढं अंतर पुरतं. उंबरठ्यापाशी थोडं जास्त ठेवावं, कारण मुलं आत सतरंजी म्हणून कापडाचा तुकडा अंथरणारच.

राहिली कडी. ती नसेल तर दार अर्धवट वाटतं, आणि नातीची खरी मागणी तीच होती: "आजी, आतून कडी पाहिजे, नाहीतर रात्री बाहुली झोपेल कशी?" कडीसाठी घाट उतरून खामगावला गेले. खामगाव चांदीच्या कामासाठी नावाजलेलं, लोक त्याला रजतनगरी म्हणतात. देवांचे टाक, निरांजनं, ताटं-वाट्या यांसाठी लांबलांबून गिऱ्हाईक येतं. तिथल्या एका कारागिरापुढं मी माझी झडप ठेवली आणि तीन मिलिमीटरच्या कड्यांची साखळी मागितली. "कोनत्या देव्हाऱ्याले पाह्यजे जी?" त्यांनी विचारलं. बाहुलीच्या घराला म्हटल्यावर त्यांनी झडप उचलून दोन्ही बाजूंनी पाहिली, बोटानं फिरवून पाहिली. "मंग त बारीकच करा लागन. पण तुटाले नको लेकराच्या हातानं." पितळेची तार त्यांनी एका सळईवर गुंडाळली, करवतीनं एकदाच कापली, आणि सगळ्या कड्या सारख्या मापाच्या सुटून पडल्या. प्रत्येक कडीच्या तोंडाला त्यांनी डाख दिला. नुसतीच वाकवून बंद केलेली कडी ओढल्यावर उघडते. डाख दिलेली उघडत नाही. कोयंडा त्यांनी तारेचाच करून दिला, मागून दोन पाय काढलेला. ते पाय झडपेतून आरपार घालून मागे दुमडले. असा कोयंडा उपटून येत नाही.

बाहुलीघराच्या कडीला कधी याहून मोठं कामही करावं लागलं आहे. अमेरिकेत फ्रान्सिस ग्लेसनर ली या बाईंनी १९४०च्या दशकात गुन्ह्यांच्या जागांची छोटी घरं तयार केली, तीही बारास एक प्रमाणात. पोलिसांना पाहणी शिकवण्यासाठी ती हार्वर्ड विद्यापीठात वापरली जात. एखाद्या मृत्यूच्या तपासात दार आतून बंद होतं की बाहेरून, यावर सगळा उलगडा अवलंबून असतो. म्हणून त्यांनी सुताराकडून दारं-खिडक्यासुद्धा खऱ्याच्या तोडीच्या करून घेतल्या. त्यांतली अठरा घरं बाल्टिमोरमध्ये जपून ठेवलेली आहेत. लहान वस्तू म्हणून तिच्यात कसर ठेवायची नाही, हा त्या बाईंचा बाणा मला मनापासून पटतो.

रंगाबद्दल आता जरा सावध करते. जुनं घर घेतलं की त्यावर कुठला रंग आहे ते कळत नाही. पूर्वीच्या तेली रंगांत शिसं भरपूर असे, आणि शिसं मुलांच्या मेंदूला बाधतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाखांत ९० भाग अशी मर्यादा घालणारे नियम २०१६ साली निघाले आणि २०१७पासून लागू झाले. त्याआधीच्या वस्तूवरचा रंग खरवडायला बसू नका. कोरडा पॉलिश पेपर मारला की धूळ उडते आणि ती घरभर बसते. पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून हलक्या हातानं घासा, ओल्या फडक्यानं पुसा, फडकं टाकून द्या, आणि हे सगळं मूल घरात नसताना अंगणात करा. रंग घट्ट असेल तर तो न काढता त्यावर नवा पाण्याचा रंग दिलेला बरा. १ जानेवारी २०२१पासून बाजारातल्या नव्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आहे. जुन्या वस्तूला असा कुणाचा दाखला नसतो, तिथं आपणच तपासायचं. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात सुटी कडी, तार, स्क्रू असलेलं घर देऊ नये. एवढी लहान मुलं अशा वस्तू तोंडात घालतात.

माझ्या झडपांना मी रंग दिला नाही. सागवानावर जवसाचं तेल पुसलं, अगदी थोडं, आणि ते वाळायला आठवडाभर वेळ दिला. विदर्भात जवस सगळीकडे ओळखीचं, तेलही मिळतं. ते लाकडात मुरून घट्ट होतं, वर चकाकी आणत नाही. तेल पुसलेले बोळे मात्र चुरगळून ढिगानं टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि ढिगात ती अडकली तर बोळे आपोआप पेटू शकतात. दोरीवर पसरून वाळवा, मग टाका. तारेच्या भोकांत तेल जाऊ देऊ नका, ते घट्ट झालं की दार चिकटतं.

दाराची खरी कसोटी भाद्रपदात लागली. वऱ्हाडात भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते ती कोजागिरीपर्यंत. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, मांडीवर गणेश. संध्याकाळी आळीतल्या मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यात कुठली खिरापत आहे ते ओळखतात. आमच्या वेळी कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचं मखर करत. धांडे सोलून त्यांचा भेंड काढायचा आणि बाभळीच्या काट्यांनी जोडायचा, हे खेड्यातल्या प्रत्येक मुलाला यायचं. आम्ही त्याच्या बैलगाड्या करायचो, घरं करायचो, काट्यावर फिरणारी दारंही करायचो. आज शहरातल्या मुलीला धांडा मिळत नाही, म्हणून नातीनं भुलाबाई बाहुलीघराच्या शेजारी बसवली. हवा दमट, झडपा थोड्या फुगलेल्या, आणि रोज संध्याकाळी खोलीभर मुली. प्रत्येकीला दार एकदा तरी उघडायचं होतं. मधली फट उन्हाळ्यात होती त्याहून निम्मी झाली, पण झडप झडपेला टेकली नाही. एकीनं कडी लावूनच दार ओढलं, तेव्हा कोयंडा जागचा हलला नाही. खामगावच्या त्या कारागिरांना मी हे मुद्दाम फोन करून सांगितलं.

जुनं दार मी टाकलेलं नाही. गोल मूठ आणि धड राहिलेली खालची बिजागरी काढून घेतली आहे, स्वयंपाकघरातल्या कपाटाला ती लागेल. उरलेली फळी कागदात गुंडाळून घराच्या पायाखालच्या पोकळीत ठेवली आहे, सोबत चिठ्ठी: दार कोणत्या साली बदललं, लाकूड कुठलं, वरची पट्टी काढायची तर स्क्रू कुठं आहेत. नात मोठी झाल्यावर हे घर आणखी कुणाकडे जाईल, तेव्हा त्यांना ते कामाला येईल. तुमचं घर मौल्यवान असेल तर मूळ दार असं जपणं आणखीच गरजेचं आहे, कारण उद्या एखादा जाणता कारागीर कदाचित तेच दार परत उभं करू शकेल.

आता वरच्या खोलीची खिडकी राहिली आहे. तिला गज नाहीत. खामगावहून आणलेली पितळेची तार थोडी उरली आहे, तिचे गज होतील. दोन गजांमधली जागा मात्र लहान मुलाचं बोट शिरणारच नाही इतकी कमी ठेवावी लागेल.